दुसऱ्या मॉडेलचे मागचे शॉकअप बसवल्यावर गाडी वाजते, उसळते, वळणावर हलते: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

सातारा-कोरेगाव रोडवरच्या माझ्या गॅरेजात महिन्याला दोन-तीन तरी गाड्या या एकाच तक्रारीने येतात. मोटरसायकल एका मॉडेलची, मागचे शॉकअप दुसऱ्याच मॉडेलचे. कुणी दिसायला रुबाबदार म्हणून गॅसच्या डबीवाले बसवलेले असतात, कुणी दुधाचे कॅन नेताना मागची बाजू बसते म्हणून. बसवलं त्या दिवशी सगळं झकास वाटतं, आणि आठ-पंधरा दिवसांत काहीतरी बिनसतं. मग समजूत होते की शॉकअपच खराब लागले. लोक तिसरा जोड विकत घेतात आणि त्रास तसाच राहतो. मी उघडून पाहिलेल्या गाड्यांत शॉकअप मुळात खराब असल्याचं क्वचित निघालं. लांबी, बुश (बोल्टाभोवतीचं रबर) नाहीतर स्प्रिंगची ताकद, यांतलं एखादं माप त्या गाडीशी जुळत नव्हतं. टेप, दोन-चार पाने आणि मदतीला एक माणूस असला तर यातलं निम्मं तुम्ही घरी शोधू शकता. त्यासाठीच हे लिहितोय.

लक्षणं

साइड स्टँडवर गाडी पूर्वीपेक्षा जास्त कलते. डबल स्टँडला लावली तरी मागचं चाक जमिनीला टेकलेलंच राहतं आणि गाडी स्टँडवरून पुढे सरकते. बसल्यावर टाचा टेकत नाहीत. रात्री हेडलाइटचा झोत नाकासमोर पडतो, लांबचं दिसत नाही. हे सगळं एकत्र असेल तर मागची बाजू उंच झालेली आहे. याच्या उलट गाडी साइड स्टँडवर जवळजवळ सरळ उभी राहते आणि जरा धक्का लागला की उजवीकडे पडते, डबल स्टँडला चढवताना जोर लागतो, समोरून येणारे सारखा डिपर मारतात. म्हणजे मागची बाजू खाली आली आहे.

आवाजाचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत करू नका. छोट्या खड्ड्यात, एकट्याने चालवतानाही येणारा कोरडा ‘टक् टक्’ हा बहुतेक वेळा बुश किंवा ढिल्या बोल्टाचा. डबलसीट असताना मोठ्या गतिरोधकावर येणारा जड ‘धप्’ म्हणजे शॉकअप तळाला आपटतोय, नाहीतर टायर मडगार्डला लागतोय.

तिसरं लक्षण उसळी. खड्ड्यातून निघाल्यावर मागची बाजू दोन-तीनदा वरखाली होत राहते, किंवा ब्रेक मारताना मागचं चाक रस्त्यावर टणटण उडतं. आणि चौथं, जे मला सगळ्यात गंभीर वाटतं, ते वळणावरचं. यवतेश्वरच्या घाटात गाडी आडवी घातली की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी डुलते, किंवा हायवेला वेग वाढला की हँडल थरथरतं.

एवढं पाहिल्यावर स्वतःला एक प्रश्न विचारा. त्रास बसवल्याच्या दिवसापासून आहे की महिन्या-दोन महिन्यांनी सुरू झाला? पहिल्या दिवसापासून असेल तर माप चुकलंय. नंतर सुरू झाला असेल तर काहीतरी झिजलंय किंवा ढिलं झालंय. गाडी माझ्याकडे आली की पाना हातात घेण्याआधी मी हेच विचारतो.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

सुरुवात हवेपासून करा. हास्यास्पद वाटेल, पण शॉकअप बदलला त्याच दिवशी कुणीतरी हवा ठासून भरून दिलेली असते, आणि जास्त हवेचा टायर स्वतःच चेंडूसारखा उडतो. कमी हवेची गाडी वळणावर डुलते. दोन्ही लक्षणं हुबेहूब शॉकअपसारखी. चेन कव्हरवर किंवा चिमट्यावर (मागचं चाक ज्या दोन दांड्यांमध्ये बसतं तो भाग) कंपनीचा स्टिकर असतो, त्यावर एकट्याचा आणि डबलसीटचा आकडा वेगळा दिलेला असतो. टायर थंड असताना तेवढीच हवा ठेवा आणि मग पुन्हा चालवून बघा.

नंतर खाचा. शॉकअपच्या स्प्रिंगखाली हुक पान्याने फिरवायची जी पायऱ्यांची रिंग असते, ती डावीकडे आणि उजवीकडे एकाच खाचेवर आहे का? वेगवेगळ्या खाचेवर असली तर चिमट्याच्या एका बाजूला जास्त दाब येतो, तो पिळतो आणि गाडी वळणावर हलते. इथे एक गैरसमज आहे, तो बऱ्याच मिस्त्र्यांच्याही डोक्यात असतो: खाच वर घेतली की शॉकअप ‘हार्ड’ होतो. स्प्रिंगची ताकद खाचेने बदलत नाही. खाच वर घेतल्याने गाडीची मागची बाजू वर उचलली जाते एवढंच. आधीच लांब असलेल्या शॉकअपची खाच शेवटच्या पायरीवर नेली तर चाकाला खाली उतरायला जागाच उरत नाही. मग खड्ड्यात चाक खाली पडताना शॉकअप पूर्ण ताणला जाऊन ‘टक्’ वाजतो आणि तुम्ही बुशला दोष देता. दोन्ही बाजू दुसऱ्या खाचेवर आणून फिरून या.

तिसरं, नट. चारही बोल्टांचे नट पान्याने चाचपून बघा. नवीन बसवलेल्या शॉकअपचे वायसर आणि रबर पहिल्या काही दिवसांत बसतात, त्यामुळे दोनेकशे किलोमीटरनंतर नट थोडे ढिले सापडणं स्वाभाविक आहे. घट्ट करताना गाडी डबल स्टँडवरून उतरवा, सीटवर कुणालातरी बसवा आणि मग शेवटचा पिळ द्या. चाक लोंबकळत असताना नट पूर्ण आवळला तर गाडी खाली बसल्यावर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

टेपने मोजा

जुने शॉकअप भंगारात दिले नसतील तर फार बरं. जुना आणि नवा शेजारी जमिनीवर ठेवा आणि वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत मोजा. दुकानात नुसतं ‘एक इंच मोठा आहे, चालतंय’ म्हणतात. चालतंय का ते गाडीवर अवलंबून आहे. दोन बाजूंना दोन शॉकअप असलेल्या गाडीत ते थोडे पुढे कललेले असतात, म्हणून शॉकअप १० मिलिमीटर लांब झाला तर चाक १० पेक्षा जरा जास्तच खाली जातं. मोनोशॉकच्या, म्हणजे मधोमध एकच शॉकअप असलेल्या गाडीत शॉकअप चाकापासून लांब, चिमट्याच्या मुळाशी असतो. तिथे तोच १० मिलिमीटरचा फरक चाकाशी २० ते ३० मिलिमीटर होतो. म्हणून मोनोशॉकमध्ये ‘थोडासा मोठा’ हा शब्दच वापरू नये.

उंचीचा परिणाम फक्त पाय टेकण्यावर होत नाही. १००-१२५ सीसीच्या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर साधारण १२५० मिलिमीटर धरा. मागची बाजू २२ मिलिमीटर उचलली की पूर्ण गाडी पुढे झुकते आणि पुढचा फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे) जवळपास १ अंशाने उभा होतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण फोर्क जेवढा उभा, तेवढं हँडल हलकं आणि चंचल होतं. गल्लीत गाडी पटकन वळते म्हणून मुलं खूश असतात, आणि खंबाटकीचा उतार उतरताना त्याच हँडलला थरथर सुटते. मागची बाजू खाली गेली तर उलट होतं: पुढचं चाक हलकं पडतं, गाडी वळायला जड होते.

आता बैठक मोजा, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी किती दबते ते. हे माप मला सगळ्यात जास्त सांगून जातं. चाकाच्या ॲक्सलच्या मध्यापासून सरळ वर मडगार्डवर खडूने खूण करा. चाक पूर्ण लोंबकळत असताना अंतर मोजा. मग गाडी जमिनीवर सरळ धरा, तुम्ही नेहमीच्या कपड्यांत, दोन्ही पाय फूटरेस्टवर ठेवून बसा आणि मदतनिसाला तेच अंतर पुन्हा मोजायला सांगा. दोन्हींतला फरक चाकाच्या एकूण चालीच्या (चाक वरखाली जेवढं हलू शकतं त्या अंतराच्या) पाव ते एक तृतीयांश असायला हवा. रोजच्या वापराच्या गाडीत चाकाची चाल बहुधा ८० ते १०० मिलिमीटर असते, म्हणजे तुम्ही बसल्यावर गाडी २५-३० मिलिमीटर दबली तर ठीक. जेमतेम १० दबली तर स्प्रिंग तुमच्या वजनाला कडक आहे. ४५ दबली तर मऊ आहे, आणि डबलसीटला ती आपटणारच.

स्प्रिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या भागात हा घोळ दुधामुळे फार होतो. मागच्या पावसाळ्यात जावळीकडचे एक तात्या आले. “मिस्त्री, माल नवा हाय, दुकानदारानं भारीतला दिला म्हणतोय, पण येताना गाडी नुसती उडतीया.” जाताना काय होतं विचारलं, तर म्हणाले, “जाताना रेशमावानी.” उत्तर त्यातच होतं. चाळीस लिटरच्या कॅनमध्ये दूधच ४१ किलोच्या आसपास भरतं. दोन कॅन म्हणजे ८० किलोच्या वर, शिवाय कॅनचं आणि अडकवायच्या पिंजऱ्याचं वजन, आणि हा सगळा भार मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना. त्यांनी जास्त वजनाच्या गाडीचे कडक शॉकअप बसवले होते. भरल्या कॅनला ते बरोबर बसत होते. डेअरीवर दूध घालून रिकामे परतताना तीच स्प्रिंग दबायलाच तयार नव्हती, आणि दबलीच तर इतक्या जोरात परत उघडत होती की आतलं ऑइल तिला आवरू शकत नव्हतं. स्प्रिंग ढकलते आणि ऑइल तिला धरून ठेवतं, ही दोन कामं एकाच मापाची लागतात. तात्यांना मी त्यांच्याच मॉडेलचे मूळ लांबीचे, पण खाचा असलेले शॉकअप घालायला लावले. सकाळी निघताना वरची खाच, डेअरीवरून फिरताना खालची. हुक पाना ते आता पिंजऱ्यालाच बांधून ठेवतात. आणि कॅन छोटे करून एक फेरी वाढवायला सांगितलं, कारण गाडीची वजन न्यायची जी मर्यादा कंपनीने ठरवली आहे ती कोणत्याच शॉकअपने वाढत नाही. चाक, हब, चिमटा, ब्रेक सगळं जुनंच राहतं.

दाबून बघा, हलवून बघा

गाडी जमिनीवर सरळ धरून सीटच्या मागच्या टोकावर पूर्ण वजन टाका आणि एकदम सोडा. मागची बाजू एका दमात वर येऊन थांबली पाहिजे. वर येऊन पुन्हा खाली, पुन्हा वर असं झालं तर ऑइल काम करत नाही. शॉकअपच्या रॉडवर ऑइलचा पुसट ओलावा चालतो. ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ चालत नाही, सील गेलेलं असतं.

इथेच एक गोष्ट बघून घ्या. साधे, गॅस नसलेले ऑइलचे शॉकअप कुणी उलटे तर बसवले नाहीत ना? बोल्ट दोन्हीकडून जातो म्हणून किंवा दिसायला बरं म्हणून असं केलेलं मी पाहिलंय. त्यांत ऑइल आणि हवा एकत्र असतात आणि ऑइलची नळी खालीच लागते. उलटा केला की ऑइल झडपेपासून दूर जातं आणि उरते ती नुसती स्प्रिंग. गॅसच्या डबीवाल्यांत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे ऑइलला फेस येत नाही. ते कोणत्या बाजूने बसवायचे ते त्या शॉकअपच्या रचनेवर ठरतं, म्हणून मूळ गाडीवर जसे असतात तसेच ठेवा.

आता बुश. ‘टक् टक्’च्या तक्रारीत माझा पहिला संशय यावरच असतो.

बुश म्हणजे शॉकअपच्या ज्या गोल कानातून बोल्ट जातो त्या कानातलं रबर आणि रबराच्या आतली लोखंडी नळी. गाडी डबल स्टँडवर घ्या, मागचं चाक दोन्ही हातांनी धरून हळू वर उचला. शॉकअप दबायला लागण्याआधी चाक जरासं मोकळं हललं तर बोल्ट आणि नळीत फट आहे. नक्की कुठे ते कळण्यासाठी एकाला चाक हलवायला सांगा आणि तुम्ही बोल्ट व कान दोन्हींवर मिळून बोट ठेवा. टिचकी बोटाला लागते.

फट का येते? तुमच्या गाडीचा बोल्ट १० मिलिमीटरचा आणि नव्या शॉकअपच्या नळीचं भोक १२ चं, असं सर्रास निघतं. मग बसवणारा बोल्टावर पत्र्याची पट्टी गुंडाळतो. महिनाभर आवाज येत नाही. नंतर पट्टी कुटली जाते, नळीचं भोक लंबगोल होतं, बोल्टाला खाच पडते. ती खाच मला आवाजापेक्षा जास्त घाबरवते, कारण बोल्ट तुटतो तो तिथेच. एका कॉलेजच्या मुलाच्या गाडीचा खालचा बोल्ट मी काढला तेव्हा तो निम्मा खाल्लेला होता, आणि तो पोरगा त्याच गाडीवर डबलसीट कासला जाऊन आला होता.

यावरचा उपाय महाग नाही. व्हर्निअरने बोल्टाचा आणि भोकाचा व्यास मोजा आणि लेथवाल्याकडून पोलादाची स्लीव्ह (बोल्ट आणि भोकाच्या मध्ये बसणारी पातळ नळी) कातून घ्या. हाताने दाबून सरकेल पण खुळखुळणार नाही अशी. तिची लांबी रबरापेक्षा किंचित जास्त ठेवायला सांगा. नट आवळल्यावर वायसर स्लीव्हवर टेकला पाहिजे. तो रबरावर टेकला तर रबर चिरडतं. भोक लहान आणि बोल्ट मोठा असेल तर मात्र भोक ड्रिलने वाढवू नका, नळी पातळ होऊन फुटते. तो शॉकअप तुमच्या गाडीचा नाही.

बोल्ट जुळला तरी रुंदी बघायची राहते. गाडीच्या मागे बसून एका शॉकअपकडे डोळा लावा. वरचा आणि खालचा कान एका सरळ रेषेत दिसतात का? खालचा कान आत किंवा बाहेर ओढलेला असेल तर रॉड प्रत्येक खड्ड्यात सीलवर तिरका दाब देतो. चांगला नवा शॉकअप असा चार महिन्यांत गळायला लागतो आणि दोष मालाला लागतो. योग्य जाडीचे वायसर घालून तो सरळ करा.

कुठे घासतंय

चेन, चेन कव्हर, सायलेन्सर, ब्रेकचा रॉड आणि गॅसची डबी यांच्यामधून हात फिरवा. घासलेली जागा चकचकीत दिसते. चेनचा ताण नव्याने बघा, कारण चिमट्याचा कोन बदलला की ताण बदलतो. पुढचं स्प्रॉकेट, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा ॲक्सल एका रेषेत येतात तेव्हा चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. म्हणून एखाद्याला सीटवर बसवून गाडी दबलेली असतानाही चेन हाताने हलवून पाहा. तेव्हा ती तारेसारखी झाली तर गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर भार येतोय. मागे ड्रम ब्रेक असेल तर वजन दिल्यावर चाक मोकळं फिरतं का तेही बघा. रॉडचा कोन बदलल्याने ब्रेक आपोआप चिकटू शकतो.

‘धप्’साठी कणकेचा गोळा वापरा. घट्ट मळलेल्या कणकेची लिंबाएवढी गोळी टायरच्या वर मडगार्डच्या आतून चिकटवा, टायरला थोडं पाणी लावा, डबलसीट बसून ओळखीच्या गतिरोधकावरून सावकाश जा. परत येऊन उरलेली जाडी बघा. बोटाच्या जाडीपेक्षा कमी उरली असेल तर खऱ्या खड्ड्यात टायर मडगार्डला लागणार. लोक शॉकअपची उघडी लांबी मोजतात आणि पूर्ण दबल्यावरची विसरतात. काही लांब शॉकअपची चाल इतकी मोठी असते की पूर्ण दबल्यावर ते जुन्यापेक्षा आखूड होतात, त्यामुळे शॉकअप आतल्या रबरी स्टॉपरवर टेकण्याआधीच टायर वर पोहोचतो. उंच गाडीचा टायर मडगार्डला कसा लागेल, असं विचारणाऱ्यांना मी हेच दाखवतो.

जुने परत चढवून बघा

इथवर काही सापडलं नाही तर जुने शॉकअप परत बसवा आणि त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वजनाने, तेवढ्याच हवेने फिरून या. तासाभराचं काम आहे, पण याच्याइतकं पक्कं उत्तर दुसरं कुठलंच देत नाही. त्रास गेला तर नवा जोड तुमच्या गाडीला जुळत नाही, तो विकून टाका. त्रास राहिला तर दोष शॉकअपमध्ये नाहीच. मग डबल स्टँडचं रबर, सायलेन्सरचे बोल्ट, नंबर प्लेट इथपासून बघत चिमट्याचे बुश, मागच्या चाकाचं बेअरिंग आणि हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग) इथपर्यंत जावं लागतं. चिमट्याचा बुश बघायचा तर शॉकअपचे खालचे बोल्ट काढून चिमटा आडवा हलवावा लागतो. त्यासाठी गाडी नीट टेकू देऊन उभी करता येत असेल तरच घरी करा.

इथे थांबा

शॉकअप जिथे अडकतो त्या फ्रेमच्या किंवा चिमट्याच्या पट्टीला बारीक तडा दिसला, रंग फुटलेला दिसला किंवा गंजाची रेघ दिसली तर गाडी चालवू नका. ढकलत किंवा टेम्पोत टाकून आणा. तिथे गल्लीतल्या वेल्डिंगवाल्याकडून टाका मारून घेऊ नका. गाडीची रेषा जिगवर (फ्रेम पक्की धरून मापं तपासायचा साचा) तपासून मगच वेल्डिंग करायचं असतं. नवा शॉकअप बसत नाही म्हणून पट्टी कापायची, नवीन कान जोडायचे किंवा दोन शॉकअपची गाडी मोनो करायची, हे कुणी सुचवलं तर आधी आरटीओत विचारा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ कंपनीच्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही.

स्प्रिंग स्वतः उतरवू नका. ती दाबून बसवलेली असते, स्प्रिंग दाबून धरणाऱ्या कंप्रेसरशिवाय सोडली तर सुटून तोंडावर येते. स्प्रिंगचा वेढा कापून उंची कमी करू नका. उरलेली स्प्रिंग आणखी कडक होते आणि कापलेलं टोक स्प्रिंगच्या वाटीत नीट बसत नाही. गॅसच्या डबीला ड्रिल, हातोडा किंवा वेल्डिंगची आग लावू नका. मोनोशॉकचं कोणतंही काम, आणि वेग वाढल्यावर हँडल थरथरण्याची तक्रार, ही थेट जाणत्या मिस्त्रीकडे न्या. गॅरेजला जाताना जुने शॉकअप, काढलेले वायसर आणि तुम्ही घेतलेली मापं लिहिलेला कागद सोबत असू द्या. आणि तिथे पोहोचेपर्यंत मागे कुणाला बसवू नका, सामान लादू नका.